एक मोळी, एक गोणी

फेब्रुवारीच्या संध्याकाळी पैठण रस्त्याने छत्रपती संभाजीनगर शहरात परतताना एक वास हमखास येतो. बिडकीनच्या आसपास बांधाबांधावर कापसाच्या पऱ्हाट्या पेटलेल्या असतात. गेल्या हंगामात अशाच एका बांधापाशी थांबलो. छातीएवढा ढीग होता. खालच्या काड्या लाल झालेल्या, वरच्या नुसत्या धुमसत होत्या आणि त्यांच्या तुटक्या टोकांतून पिवळट, जड धूर फुंकल्यासारखा बाहेर पडत होता. मधूनच त्या धुरालाच ज्योत लागायची, भुर्रकन पेटायची आणि विझायची. शेतकरी काठीने ढीग सावरत उभे होते. "काका, जाळता कशाला?" म्हणून विचारले, तर म्हणाले, "ठेवून काय करू? त्याच्यात अळी राहती. रोटा मारायचा म्हणलं तर बुडखे आडवे येतात. मजूर लावून उपटल्या, आता वाहून न्यायला आणखी पैसे कुठून घालू?"

त्यांच्या उत्तरात खोट काढायला जागा नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातला आणि विदर्भातला कापूस कसा पोखरला, ते अजून कोणी विसरलेले नाही. फरदड, म्हणजे लांबवलेले पीक, घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत शेत रिकामे करा, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, असे कृषी विद्यापीठांचे तज्ज्ञ तेव्हापासून दरवर्षी सांगतात. शेतकरी ऐकतो आणि काडी लावतो. महाराष्ट्रात कापसाखाली साधारण ४० लाख हेक्टर जमीन आहे. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. काही चुलीत जाते, काही कुंपणाला लागते आणि उरलेली बरीचशी बांधावरच राख होते.

माझे म्हणणे त्या भुर्रकन पेटणाऱ्या धुराबद्दल आहे. तो धूर म्हणजे नुसता धूर नव्हे, त्यात जळाऊ वायू आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत लाकडाचे तुकडे तापवलेले ज्यांना आठवत असेल, त्यांनी हे पाहिले आहे. नळीच्या तोंडाशी पांढरा धूर येतो, त्याला काडी लावली की तो पेटतो, नळीत कोळसा उरतो आणि काचेला आतून तपकिरी, चिकट थर बसतो. कितीही घासला तरी तो लवकर निघत नाही. लाकडापासून हायड्रोजन काढण्याची सगळी आशा त्या ज्योतीत आहे आणि सगळी अडचण त्या चिकट थरात.

हवा बेताची देऊन काडीकचरा तापवला की जो वायू मिळतो, त्यात निम्मा तर हवेतला निरुपयोगी नायट्रोजनच असतो. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड प्रत्येकी १५ ते २० टक्के, थोडा मिथेन, बाकी कार्बन डायऑक्साइड. हवेऐवजी वाफ दिली, तर चित्र पालटते. तापलेल्या कोळशाशी वाफेची गाठ पडली की पाणी फुटते आणि त्यातला हायड्रोजनही वायूत येऊन मिसळतो. पुढे कार्बन मोनॉक्साइडची वाफेशी पुन्हा गाठ घातली की आणखी हायड्रोजन सुटतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एस. दासप्पा यांच्या गटाने वाफ आणि ऑक्सिजन वापरून हे करून दाखवले. एक किलो जैवभारात, म्हणजे लाकूड-काडीकचऱ्यात, हायड्रोजन असतो जेमतेम ६० ग्रॅम, पण त्यांनी किलोमागे १०० ग्रॅम मिळवला, ही माहिती त्यांनी २०२२ च्या अखेरीस जाहीर केली. वरचे ४० ग्रॅम पाण्यातून आले.

मराठवाड्याच्या माणसाने हा आकडा नीट पाहावा. विजेने पाणी फोडून हायड्रोजन करायचा, तर किलोमागे निदान ९ लिटर शुद्ध पाणी आणि सुमारे ५० युनिट वीज लागते. बंगळूरच्या हिशेबाने पऱ्हाटीसारख्या काडीतून एक किलो हायड्रोजन काढला, तर त्यात पाण्यातून आलेला वाटा ४०० ग्रॅमच, म्हणजे मोडलेले पाणी साडेतीन लिटरच्या आसपास. वाफ प्रत्यक्षात याहून जास्त सोडावी लागते हे खरे, पण जास्तीची वाफ थंड करून पुन्हा वापरता येते. जायकवाडी धरणाच्या नाथसागराची पातळी रोज वर्तमानपत्रात वाचणाऱ्या जिल्ह्यात हा फरक छोटा नाही.

आता दुसरा हिशेब, तो मला जास्त जवळचा वाटतो. युरियाची गोणी ४५ किलोची असते. तेवढ्या युरियाला साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो आणि तेवढ्या अमोनियाला साडेचार किलो हायड्रोजन. किलोमागे १०० ग्रॅम धरले, तर साडेचार किलो हायड्रोजन किती पऱ्हाटीत आहे? ४५ किलोंत. एका गोणीला लागणारा हायड्रोजन एका मोळीत आहे. कागदावरचा हिशेब आहे, कारखान्यात घट येणारच. पण ज्या शेतकऱ्याने बांधावर मोळी जाळली, तोच जूनमध्ये गोणीसाठी कृषी सेवा केंद्रापुढे रांगेत उभा असतो. आज त्या गोणीतला हायड्रोजन येतो तो नैसर्गिक वायूतून, आणि देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी निम्म्याच्या आसपास आपण जहाजाने बाहेरून आणतो.

मग हे होत का नाही? परीक्षानळीतल्या त्या चिकट थरामुळे. कारखान्यांतले लोक त्याला सरळ टार म्हणतात. वायू गरम असेपर्यंत टार वाफेच्या रूपात असतो, थंड होऊ लागला की नळीत, झडपेत, इंजिनच्या पिस्टनवर डिंकासारखा बसतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारने ५ अश्वशक्तीच्या शेतपंपांसाठी लाकडापासून वायू करणारे छोटे गॅसिफायर अनुदानावर दिले होते. त्यांतले बहुतेक लवकरच अडगळीत गेले. गाळण्या रोज साफ करा, लाकूड बारीक तोडा, धूर सोसा, एवढे सोसून पंप चालवण्यापेक्षा शेतकऱ्याला डिझेल परवडले. ज्यांनी हे यंत्र वापरून सोडले, त्यांना मी दोष देणार नाही.

आपल्याकडे या विषयात नेटाने काम केलेल्यांपैकी एक म्हणजे फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था. लाकडाचे ठोकळे जाळणारी भट्टी कोणीही करील. डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाचे पाचट, चिपाड, बाजरीची सरमाडे अशा मोकळ्या, फुसफुशीत मालावर चालणारी भट्टी केली. ती ३०० किलोवॅट उष्णतेची होती, प्रयोगशाळेत ७०० तासांहून जास्त चालवली आणि मग एका धातुकारखान्यात डिझेलसारख्या तेलावर चालणाऱ्या भट्टीला जोडून पाहिली. १९९७ साली त्यांनी हे काम छापले. त्यातली दोन शहाणपणाची कामे मला आजही मोलाची वाटतात. एक, वायू इंजिनात घालायचा हट्ट न धरता तो सरळ भट्टीत जाळला. गरम वायू गरम असतानाच जळाला की टारही जळून उष्णता देतो. दुसरे, मालाच्या चौथाईएवढा कोळसा उरत होता, तो फेकला नाही. त्याच्या कांड्या करता येतात किंवा तो शेतात घालता येतो, हेही त्यांनी नोंदवले.

पण हायड्रोजन हवा असेल, तर टार जाळून भागत नाही, तो फोडावा लागतो. नुसत्या उष्णतेने फोडायचा तर अकराशे अंशांच्या पुढे जावे लागते, आणि तेवढी उष्णता द्यायला पुन्हा तीच काडी जाळायची. इथे उत्प्रेरक कामाला येतो. त्याच्या पृष्ठभागावर टारचे मोठे रेणू आणि वाफ शेजारी येतात आणि आठशे-नऊशे अंशांवर तेच काम उरकते. शिवाय फुटलेला टार वाया जात नाही, त्याचाही हायड्रोजन होतो. एकाच कामात नळी साफ राहते आणि वायू समृद्ध होतो.

यातला सर्वांत स्वस्त उत्प्रेरक म्हणजे भाजलेला डोलोमाइट. हा दगड नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या भागांत सापडतो. तो टार बऱ्यापैकी फोडतो, पण मऊ असल्याने भट्टीत घुसळला की त्याचा भुगा होऊन वायूबरोबर उडतो. त्याहून टणक ऑलिव्हिन, काळ्या पाषाणाच्या कुळातल्या खडकांत आढळणारे हिरवट खनिज. ऑस्ट्रियातल्या ग्युसिंग या छोट्या गावात ऑलिव्हिनच्या तापलेल्या वाळूत लाकूड आणि वाफ घालून ८ मेगावॅटची भट्टी २००१-०२ पासून वर्षानुवर्षे चालली. तिच्या वायूत हायड्रोजन ४० टक्क्यांच्या आसपास असे. सर्वांत तेज उत्प्रेरक निकेलचा. तो काही नवा नाही. अलिबागजवळच्या थळच्या खतकारखान्यात नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढायला निकेलच लागतो. पण तिथला वायू आधीच स्वच्छ केलेला असतो. काडीच्या वायूतल्या गंधकाने निकेल मरतो, कोळशाच्या पुटाने झाकला जातो आणि फार तापला की त्याचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात व काम मंदावते. पहिल्या दिवशी सुंदर आकडे देणारा उत्प्रेरक दहाव्या दिवशी काय देतो, हा या विषयातला खरा प्रश्न आहे. शोधनिबंधांत पहिल्या काही तासांचे आकडे मिळतात आणि कारखाना मात्र वर्षाच्या हिशेबावर उभा राहतो.

पऱ्हाटीची राख ही यातली आणखी एक गाठ. राखेत पोटॅशियम भरपूर असते. ते भट्टीत वितळून दाण्यांना चिकटते, गोळे धरते आणि भट्टी अडते. लाकडावर छान चाललेली यंत्रे शेतमालाच्या काडीवर बंद पडतात, त्यामागे बहुतेकदा हे असते. पण हेच पोटॅशियम कोळशावरची वाफेची क्रिया वेगाने होऊ देते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गोबीगॅस कारखान्यात ऑलिव्हिन चांगले काम करावे म्हणून पोटॅशियम मुद्दाम बाहेरून घालत. आपल्या काडीत ते फुकट आहे. किती राहू द्यायचे, काडी आधी पाण्याने धुवायची की नाही, तापमान कुठे थांबवायचे, हे ठरवायला स्वीडनचे किंवा ऑस्ट्रियाचे आकडे उपयोगाचे नाहीत. तिथे लाकूड, इथे काळ्या मातीतल्या कापसाची काडी. हे इथेच, हाताने करून पाहावे लागेल. आणि तंत्र जमले म्हणून कारखाना टिकतोच असेही नाही. ग्युसिंग २०१६ मध्ये आणि गोबीगॅस २०१८ मध्ये बंद झाले, ते जमाखर्च जुळेना म्हणून.

म्हणून मला आपल्या शहरातल्या उस्मानपुऱ्याबद्दल बोलायचे आहे. स्टेशन रोडवरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून इथे उभे आहे. मराठवाड्यातली शेतकऱ्यांची मुले पिढ्यान्‌पिढ्या तिथे यंत्र अभियांत्रिकी शिकली. भट्टी बांधणे, वाफ मोजणे, नळ्या जोडणे हे त्यांच्या हातचे काम आहे. रसायनाची बाजू सांभाळायला मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे, इथून तासा-दीड तासाच्या वाटेवर. शहरात विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग आहे. उत्प्रेरकांवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेइतके जुने काम देशात फार थोड्या ठिकाणी असेल. चारही एका मोळीभोवती बसू शकतात. त्यांनी मोठा प्रकल्प मागू नये. तासाला दहा-वीस किलो पऱ्हाटी खाणारी एकच भट्टी बांधावी, डोलोमाइट, ऑलिव्हिन, निकेल असे एकेक लावून ती हजार तास चालवावी आणि टार किती उरला, उत्प्रेरक कधी थकला, राखेने कुठे गोळे धरले, हे सगळे मराठीत छापून मोकळे करावे. फसलेले तासही छापावेत. पाच अश्वशक्तीच्या पंपांचे फसलेपण असे सर्वांपुढे मांडले गेले, तर त्याच चुका टाळणे सोपे जाईल.

पैसा नाही असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. त्यातले १७,४९० कोटी पाणी फोडणारी इलेक्ट्रोलायझरची यंत्रे आणि हायड्रोजनचे उत्पादन यांच्या प्रोत्साहनासाठी, संशोधनाला ४०० कोटी. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने स्वतःचे धोरण काढले आणि ८,५६२ कोटींची तरतूद सांगितली. ऑगस्टमध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या ठरली, तीत जैवभारापासूनचा हायड्रोजनही बसवला आहे. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेच्या पहिल्या फेरीत जैवभारासाठी वर्षाला ४० हजार टनांचा वाटा राखून ठेवला होता. २०२४ च्या जानेवारीत निकाल लागला तेव्हा त्यातले २ हजार टनच उचलले गेले. सरकारने दार उघडे ठेवले आणि आत जायला तयार तंत्र फारसे कोणाकडे नव्हते, असा याचा सरळ अर्थ आहे. प्रोत्साहनाच्या रकमेतला छोटासा हिस्सा जरी हजार तासांच्या अशा चाचण्यांकडे वळवला, तरी पुढच्या फेऱ्यांत हे चित्र राहणार नाही.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेने सेंटिएंट लॅब्जबरोबर वेगळी वाट धरली आहे. तिथे भाताची, गव्हाची, मक्याची काडी जिवाणूंकडून कुजवून मिथेन आणि हायड्रोजन काढतात. ती वाट चांगली आहे, आणि ओल्या, मऊ मालाला तीच योग्य. पऱ्हाटी आणि तुराट्या म्हणजे जवळजवळ लाकूडच, त्यांना आच लागते. दोन्ही वाटा हव्यात, एकीच्या नावाने दुसरी अडवू नये.

दोन गोष्टी मात्र आधीच ठरवल्या पाहिजेत. ज्वारीचा कडबा, सोयाबीनचे कुटार, मक्याची वैरण या भट्टीत जाता कामा नये. दुष्काळात छावणीत उभी राहिलेली जनावरे ज्यांनी पाहिली, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. जी काडी जनावर तोंडात धरत नाही, तीच भट्टीची. आणि उरलेला कोळसा विकून टाकू नये, तो ज्या शेतातून मोळी आली तिथे परत जावा. मराठवाड्याच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे. मोळ्या नेऊन काही परत दिले नाही, तर शेतकऱ्याची आज सोय होईल आणि दहा वर्षांनी जमीन उघडी पडेल.

पऱ्हाटी आणायची कुठे, याचे उत्तर मला जिनिंगच्या आवारात दिसते. मोळी हलकी आणि फुगीर, ट्रक भरतो पण वजन भरत नाही, म्हणून लांब नेणे परवडत नाही. पण तालुक्यातालुक्यांत जिनिंग आहेत. तिथे वजनकाटा आहे, मोकळे पटांगण आहे, विजेची जोडणी आहे, ओळखीचे लोक आहेत. कापसाची आवक ओसरते तेव्हाच पऱ्हाट्या उपटल्या जातात. जिथे कापूस घातला, तिथेच ट्रॅक्टरभर पऱ्हाटी घालता आली, तिथे तिचे तुकडे झाले आणि काट्यावर रोख पैसे मिळाले, तर बांधावर काडी लावायला कोण जाईल? शुद्ध हायड्रोजनच्या टाक्या भरायला वेळ लागेल. तोवर टारमुक्त, हायड्रोजनने समृद्ध वायू वाळूजच्या रंगभट्ट्यांना आणि जालन्याच्या रोलिंग मिलना चालेल. आधी तिथे विकावा, त्यावर शिकावे, मग पुढचे पाऊल टाकावे.

पऱ्हाटी पुन्हा डिसेंबरात उपटायला येईल. तेव्हा पहिली मोळी स्टेशन रोडच्या भट्टीत पडायची असेल, तर भट्टीचे काम या उन्हाळ्यातच सुरू व्हायला हवे. महाविद्यालयातल्या अध्यापकांनी आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांनी हे मनावर घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोळ्या द्यायला पैठण रस्त्यावरचे काका तयार आहेत. मी विचारून ठेवले आहे.